सोपा-माजघर एक करताना: लोड बेअरिंग भिंत काढायचं काम पायापासून नीट कसं करायचं

कोल्हापुरात जुन्या घराची दुरुस्ती निघाली की पहिली मागणी बहुतेक तीच असते: सोपा (पुढची बैठकीची खोली) आणि माजघर (मधली खोली) एक करून द्या, नाहीतर हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढा. मागणी रास्तच आहे. पेठांमधल्या घरांत मधल्या खोलीला दिवसा दिवा लावावा लागतो. राजारामपुरीतल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या घरांत दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये आजचा सोफा आणि जेवणाचं टेबल बसत नाही. मग मिस्त्रीला बोलावलं जातं, तो भिंतीवर थाप मारून म्हणतो, "काय होतंय मालक, दोन गर्डर टाकू की!" आणि दुसऱ्या दिवशी घण सुरू होतो.

गर्डर म्हणजे लोखंडी तुळई टाकायची हे बरोबरच आहे, पण या कामातला तो सगळ्यात सोपा भाग. भिंत इतकी वर्षं जो भार अंगावर घेऊन जमिनीत सोडत होती, तो भार भिंत काढल्यावर तिथेच राहतो. दहा फूट लांबीत पसरलेला तो भार आता गर्डरच्या दोन टोकांवर गोळा होतो. ती दोन टोकं कशावर टेकली आहेत आणि त्यांच्या खाली काय आहे, यावर घराची सुरक्षितता ठरते. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो.

भिंत भार घेते का, हे ठरवा

आधी घर कोणत्या पद्धतीचं आहे ते पाहा. कॉलम-बीमची इमारत असेल तर आतल्या बहुतेक भिंती नुसत्या आडोशाच्या असतात. खोलीच्या कोपऱ्यात बाहेर आलेले कॉलम आणि छताखाली उतरलेले बीम दिसतात, आतल्या भिंती ४ किंवा ६ इंची असतात. लोड बेअरिंग घरात कॉलम नसतात, भिंती ९ इंच किंवा त्याहून जाड असतात आणि स्लॅब थेट त्यांच्यावर टेकलेला असतो.

पण नुसत्या जाडीवर निर्णय घेऊ नका. कॉलमच्या इमारतीतही ९ इंची भिंती असतात, आणि जुन्या घरांत ४ इंची भिंतीवरही नंतर वर खोली चढवलेली आढळते. मूळ घर बैठं, १५ वर्षांनी वर मजला, आणखी काही वर्षांनी गच्चीवर पत्र्याची खोली, अशी आपल्याकडची घरं वाढत गेली आहेत. मूळ नकाशात त्यातलं काहीच नसतं. म्हणून वरच्या मजल्यावर जा आणि खालच्या भिंतीच्या बरोबर डोक्यावर काय आहे ते टेपने मोजून बघा. वर भिंत असेल, किंवा गच्चीवर पाण्याची टाकी त्याच ओळीत असेल, तर खालची भिंत भार घेते असंच धरून चला.

सगळ्यात खात्रीची तपासणी छताजवळ होते. भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे, मधोमध आणि दोन्ही टोकांना, वीतभर रुंदीचा गिलावा छिन्नीने अलगद काढा. आत वीट दिसली आणि विटेवर थेट स्लॅबचं काँक्रीट बसलेलं दिसलं, तर स्लॅब त्या भिंतीवर टेकला आहे. गिलाव्याखाली वीट न लागता आडवं काँक्रीट लागलं आणि ते ९-१२ इंच खाली उतरत असेल, तर तिथे बीम आहे. मग तो बीम कुठून कुठे जातो ते शोधायचं. कारण तो मधल्या भिंतीवरच संपत असेल तर भिंत पुन्हा भाराचीच ठरते. स्लॅबची मुख्य सळई कोणत्या दिशेने आहे हे इंजिनिअर सळई शोधणाऱ्या यंत्राने न फोडता पाहू शकतो. मुख्य सळई भिंतीला काटकोनात गेलेली असेल तर स्लॅब त्या भिंतीवर विसावलेला असण्याची शक्यता जास्त. टिचकी मारून पोकळ की भरीव आवाज ऐकण्याच्या पद्धतीतून गिलावा सुटलाय का एवढंच कळतं, भाराचं काही कळत नाही.

वाड्यांचं आणि दगडमातीच्या भिंतींचं वेगळं

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांत दीड-दोन फुटी दगडमातीच्या भिंती आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत असतं. या भिंतींना खालची पद्धत जशीच्या तशी लावू नका. बाहेरून अखंड दिसणारी दगडी भिंत आतून बहुतेक वेळा दोन पदरांची असते, मधे दगडाच्या कपच्या आणि माती भरलेली. तिच्यात भोक पाडलं की मधली भर वाळूसारखी गळायला लागते आणि पदर फुगतात.

शिवाय वाड्यात लाकडी खांब कितीदा भिंतीतच गाडलेले असतात. कुठे तुळईचा भार खांबावर असतो आणि भिंत नुसती भरीची, कुठे खांब केव्हाच वाळवीने खाल्लेला असतो आणि भार निमूटपणे भिंतीवर आलेला असतो. गिलावा काढून तुळयांची टोकं टोचून पाहिल्याशिवाय हे समजत नाही. इथे मी मालकांना आग्रहाने सांगेन की सगळी भिंत काढायचा हट्ट सोडा. मधलं दार रुंद करून, वर मजबूत लिंटेल घालून चार-पाच फुटांचं खुलं केलं तरी माजघरात भरपूर उजेड येतो आणि वाड्याचं अंगही शाबूत राहतं.

आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जी घरं पंचगंगेच्या पाण्यात होती, तिथे आधी भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा भाग तपासून घ्या. मातीचे सांधे धुऊन गेलेले असतील तर उरणाऱ्या भिंतींवर नवा एकवटलेला भार टाकणं धोक्याचं आहे. स्लॅबची सळई गंजून पापुद्रे सुटलेले असतील तरी तेच: आधी स्लॅबची दुरुस्ती, मग भिंतीचा विचार.

इंजिनिअर, शेजारी आणि महापालिका

या कामाला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतोच. इंटिरिअर डिझायनर किंवा कॉन्ट्रॅक्टरने "आमच्याकडे बघायला माणूस आहे" म्हटलं तर त्या माणसाची सही असलेलं ड्रॉइंग मागा. ड्रॉइंगवर चार गोष्टी असल्याच पाहिजेत: गर्डरचा सेक्शन (म्हणजे आकार आणि माप) आणि लांबी, दोन्ही टोकांचा टेका, टेकूंची मांडणी, आणि कामाचा क्रम. पहिली गोष्ट सगळे देतात. उरलेल्या तीन मागून घ्याव्या लागतात.

इमारतीच्या सांगाड्यात बदल करायचा तर काम सुरू होण्याआधी आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत महापालिकेच्या नगररचना विभागात विचारणा करून लागेल ती परवानगी घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीचा किंवा अपार्टमेंटच्या इतर मालकांचा प्रश्न येतो. इमारत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असेल, तर तिच्या मजबुतीला धोका पोचेल असं काम इतर सगळ्या फ्लॅटधारकांच्या संमतीशिवाय करायला त्या कायद्याने मनाई आहे. पेठांमध्ये भिंत सामाईक असते, म्हणजे तुमच्या गर्डरचं टोक शेजाऱ्याच्या भिंतीत जाणार. त्यांच्याशी आधी बोला, त्यांच्या बाजूच्या जुन्या भेगांचे फोटो दोघांनी मिळून काढा. नंतरची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

भार किती? एक हिशेब

समजा तळमजल्यावर १० फूट भिंत काढायची आहे. दोन्ही बाजूंच्या खोल्या साडेअकरा फुटी, वर एक मजला, त्याच ओळीत वरही ९ इंची भिंत, आणि त्यावर गच्ची.

पाच इंची स्लॅबचं वजन, फरशी आणि माणसं-सामान धरून चौरस फुटाला साधारण ५५ किलो येतं. दोन्ही खोल्यांचा अर्धा-अर्धा भाग या भिंतीवर, म्हणजे ११५ चौरस फूट: सव्वासहा-साडेसहा टन. वरची १० बाय १० ची विटेची भिंत गिलाव्यासकट चार-साडेचार टन. गच्चीचा स्लॅब, कोबा (गळती थांबवणारा वरचा थर) आणि वरची वर्दळ मिळून पावणेसात टनांच्या आसपास. बेरीज साडेसतरा-अठरा टन. माल भरलेल्या ट्रकएवढा भार, आणि तो रात्रंदिवस.

या हिशेबावरून गर्डर विकत आणू नका. तुमच्या घराचे आकडे वेगळे असतील आणि सेक्शन इंजिनिअरच ठरवेल. पण "शेजाऱ्यांनी सहा इंची चॅनेल टाकला होता, तोच टाका" हे का चालत नाही ते यावरून लक्षात येईल. गर्डर तुटायच्या कितीतरी आधी वाकतो, आणि वरची विटांची भिंत ते वाकणं सोसत नाही, तिला भेगा पडतात. म्हणून १० फुटांच्या गर्डरचा झोल पाच-सहा मिलिमीटरच्या आत राहील असा सेक्शन मागा.

९ इंची भिंतीखाली एकच आय सेक्शन (इंग्रजी I आकाराचा गर्डर) घातला तर विटांच्या कडा अधांतरी राहतात. त्यामुळे दोन सेक्शन शेजारी-शेजारी ठेवून बोल्टने जोडतात, किंवा एका सेक्शनवर भिंतीच्या रुंदीची प्लेट वेल्ड करतात. कटिंग, होल, टोकाच्या प्लेटा हे सगळं उद्यमनगरात करून घ्या. तिथल्या वर्कशॉपमध्ये मापात होतं. घरात उभं राहून गॅसने पाडलेली वाकडीतिकडी होल नकोत. आणि कापायला देण्याआधी दोन्ही टोकांमधलं माप स्वतः टेप धरून घ्या, वर, मधे आणि खाली, कारण जुन्या भिंती ओळंब्यात नसतात.

टोकं आणि पाया

अठरा टनांतले नऊ टन एका टोकावर. गर्डर शेजारच्या भिंतीत नऊ इंच घुसवला तर टेका मिळाला ९ बाय ९ इंच, म्हणजे सुमारे ५२० चौरस सेंटिमीटर. नऊ हजार किलो भागिले ५२०, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १७ किलो. जुन्या साध्या वीटकामावर ५ किलोच्या आसपासच भार धरतात. तिप्पट झाला! विटा चिरडतात, आधी टोकाखाली उभी केसासारखी भेग जाते, मग ती रुंदावते.

म्हणून टोकाखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक हवा, दोन-अडीच फूट लांब, भार भिंतीत पसरवणारा. भिंत तेवढी लांब नसेल किंवा वीट कच्ची असेल, तर दोन्ही टोकांना नवे कॉलम आणि त्यांना स्वतःचा पाया. माझं मत विचाराल तर एक मजला वर असलेल्या घरात कॉलमच करा. खर्च वाढतो, पण भार कुठून कुठे गेला हे नंतर कोणीही बघून सांगू शकतो.

पाया खणताना काळी माती लागली तर तिच्यावर थांबू नका. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि कॉलम तिच्याबरोबर वर-खाली होतो. कठीण मुरूम लागेपर्यंत जायचं, पण जुन्या पायाच्या तळाखाली उतरावं लागत असेल तर इंजिनिअरला बोलावून मगच. दोन्ही टोकांचे खड्डे एकदम उघडे ठेवू नका. एक खणा, भरा, काँक्रीट सेट होऊ द्या, मग दुसरा. काँक्रीटच्या पायाला आणि कॉलमला तीन-चार आठवडे मिळाले पाहिजेत. तोवर भिंतीला हात लावायचा नाही.

भिंत टोकापासून टोकापर्यंत पूर्ण काढू नका, हेही इथेच सांगतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांचे तुकडे ठेवा. आडव्या भिंती घराला बाजूच्या धक्क्यात उभं धरतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या भागाने अनुभवला आहे. त्या पट्ट्यात राहताना घराचं हे बळ काढून घ्यायचं असेल तर त्याच्या बदल्यात काय देणार, हे इंजिनिअरला स्पष्ट विचारा. कधी कधी उत्तर नुसत्या गर्डरऐवजी कॉलमसकट पक्की जोडलेली स्टीलची चौकट असं येतं.

काम सुरू होण्याआधी

हे काम दिवाळीनंतर धरा आणि मे संपायच्या आत उरका. कोल्हापूरच्या पावसात भिजलेल्या भिंतीवर आणि पायाच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर भरवसा नाही.

वरचा मजला मोकळा करा. तिजोरी, धान्याची पोती, पुस्तकांची कपाटं खाली. गच्चीवरची १००० लिटरची टाकी भरलेली असेल तर एक टन वजन तिथे उभं आहे. ती रिकामी करा. भिंतीतली वायर, पाण्याचा पाइप, गॅसची नळी बंद करून काढून घ्या. वरच्या मजल्यावर कोणी झोपणार नाही, घरातली म्हातारी माणसं आणि मुलं टेकू निघेपर्यंत दुसरीकडे जातील, अशी सोय आधीच करा.

मग घरभर फिरून आजच्या भेगा नोंदवा. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख. मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही कडांना चिकटवून ठेवा. भिंत हलली की काच तडकते, आणि ती सगळ्यांना दिसते.

टेकू

स्लॅबला दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर, म्हणजे माणसाला काम करायला जागा राहते. वर स्लॅबला लागून सलग आडवा वासा किंवा चॅनेल, खाली जाड फळी, मधे सेंट्रिंगचे स्टीलचे जॅक. दोन जॅकमधलं अंतर ड्रॉइंगप्रमाणे. जॅक जितका लांब काढाल तितकी त्याची ताकद कमी होते, त्यामुळे उंच छताला साधा जॅक ताणून लावू नका. जॅकची उंची धरून ठेवणारा खिळा मूळचाच हवा, सळईचा तुकडा खुपसलेला जॅक परत पाठवा.

तळमजल्याची फरशी बहुधा भरावावर असते. तिच्यावर जॅकचा तळ टेकवला तर फरशी फुटून जॅक खाली बसतो, म्हणून खालची फळी रुंद आणि सलग हवी. काम वरच्या मजल्यावर असेल तर त्याच ओळीत खालच्या मजल्यालाही टेकू लागतात, नाहीतर सगळा भार खालच्या स्लॅबच्या मधोमध येतो.

जॅक हाताने फिरवून घट्ट होईपर्यंतच आवळा. "अजून जरा वर घेतो" म्हणत पाना लावून स्लॅब उचलला की वरची फरशी तडकते.

वर भिंत असेल तर नुसते स्लॅबचे टेकू कधी कधी पुरत नाहीत. मग भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यांतून स्टीलच्या आडव्या दांड्या घालतात आणि दांडीच्या दोन्ही टोकांना जॅक लावतात. भोकं एकाआड एक पाडायची, आणि दांडी घालून आवळल्याशिवाय पुढचं भोक नाही.

गर्डर चढवणं

९ इंची विटेच्या भिंतीला मला अर्धी-अर्धी पद्धत सगळ्यात पसंत आहे. स्लॅबखाली एका बाजूने भिंतीची निम्मी जाडी कापून आडवी खाच करायची. दुसरा निम्मा भाग अजून भार घेतोय. ग्राइंडरने वर-खाली रेघ मारून छिन्नीने विटा काढा. ब्रेकरच्या हादऱ्याने जुना मसाला सुटतो. खाचेत पहिला चॅनेल किंवा गर्डर सरकवा, टोकं बेड ब्लॉकवर किंवा कॉलमच्या प्लेटवर बसवा. आता गर्डर आणि वरच्या बांधकामात बोटभर फट राहील. ती फट कशी भरता, यावर पुढची सगळी वर्षं अवलंबून आहेत. फूट-फूट अंतरावर स्टीलच्या पाचरी ठोकून गर्डर वर भिडवा, आणि मधल्या जागेत न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा तयार मसाला) किंवा एक भाग सिमेंटला दोन-तीन भाग वाळूचा अगदी कोरडसर मसाला लाकडी ठोकणीने ठासून भरा. मुठीत दाबल्यावर गोळा राहील पण पाणी सुटणार नाही इतकाच ओला. पातळ मसाला वाळताना आकसतो, फट परत उघडते, आणि टेकू काढले की तेवढं अंतर घर खाली बसतं.

मसाल्याला ताकद येऊ द्या. साधा असेल तर किमान सात दिवस. नंतर दुसऱ्या बाजूने तीच कृती, आणि दोन्ही सेक्शन बोल्टने एकत्र आवळा. ३०० मिलिमीटरच्या आय सेक्शनचं वजन मीटरला ४४-४६ किलो भरतं, म्हणजे बारा फुटी नग दीडशे किलोंच्या वर. तो खांद्यावर घेऊन शिडी चढायचं काम नाही. चेन पुली लावा, पण पुली त्याच स्लॅबला टांगू नका, स्वतंत्र घोडा (जमिनीवर उभी राहणारी चौकट) उभा करा.

काँक्रीटचा बीम ओतायचा पर्यायही आहे. फक्त जुन्या स्लॅबखाली काँक्रीट वरपर्यंत गच्च भरत नाही आणि टेकू तीन-चार आठवडे ठेवावे लागतात. बहुतेक घरांत स्टील बरं.

भिंत उतरवणं आणि टेकू सैल करणं

गर्डर दोन्ही बाजूंनी बसला, मसाला पक्का झाला, इंजिनिअरने येऊन पाहिलं, की मगच खालची भिंत. वरून खाली, थरामागून थर, हाताने. घण लावून खालून भोक पाडायचं आणि भिंत कोसळवायची, हे अजिबात नको. दहा बाय दहाच्या भिंतीचा राडारोडा चार टन निघतो. रोजच्या रोज बाहेर काढा, वरच्या मजल्यावर काम असेल तर स्लॅबवर ढीग करू नका.

टेकू काढण्याआधी गर्डरच्या खालच्या बाजूला टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून मधलं अंतर लिहून ठेवा. मग मधल्या जॅकपासून सुरुवात, पाव-पाव फेरा, दोन्ही बाजूंनी समान, आणि टोकांकडे सरकत जा. प्रत्येक फेरीनंतर थांबा. दोरा पाहा, काचा पाहा, टोकाखालच्या विटा पाहा. दोन-तीन मिलिमीटरचा झोल अपेक्षित आहे. काच तडकली, टोकाखाली उभी भेग आली किंवा झोल ड्रॉइंगमधल्या आकड्याच्या पुढे गेला, तर जॅक परत घट्ट करा आणि इंजिनिअर येईपर्यंत कोणी काही करायचं नाही. सैल केलेले जॅक लगेच गाडीत भरू नका, आठवडाभर तिथेच उभे असू द्या.

पुढचं फिनिशिंग सोपं आहे. गर्डर चढवण्याआधीच त्याला गंजरोधक प्रायमरचे दोन हात दिलेले असावेत. गिलाव्याआधी स्टीलवर कोंबडी जाळी गुंडाळा, नाहीतर गिलावा धरत नाही. जिथे भिंत होती तिथे फरशीत ९ इंची पट्टा उरतो. त्याखालचा भराव पाणी मारून ठोकून घ्या आणि मगच फरशी बसवा. रंग आणि पीओपीची घाई मात्र करू नका. पहिला पावसाळा जाऊ द्या, कारण पायाखालची माती भिजल्यावर काही हालचाल झालीच तर ती जून ते सप्टेंबरमध्ये दिसेल, आणि पीओपीच्या मागे भेग दिसत नाही.

ड्रॉइंगची एक प्रत आणि गिलाव्याआधी काढलेले गर्डरच्या टोकांचे फोटो घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावून ठेवा. पुढे कोणी वर आणखी एक खोली चढवायला निघालं तर त्यांच्या इंजिनिअरला पहिल्यांदा तेच लागतील.